देवा, घड्याळ पळू दे

मुलाच्या फुटबॉलचं मला कधी कौतुक नव्हतंच. आपला पायाने खेळायचा नव्हे, हा इथला अमेरिकेतला, हेल्मेट घालून एकमेकांना धडका द्यायचा. सीझनच्या सुरुवातीलाच त्याच्या डोक्याला मार बसला होता. डॉक्टरांनी पुन्हा खेळायला परवानगी दिली, मी मनातून कधीच दिली नाही. नवरा म्हणे, सीनियर इयर आहे, शाळेचं शेवटचं वर्ष, खेळू दे. माझं ऐकतंय कोण!

त्या शुक्रवारी मिनेसोटाच्या थंडीत आम्ही दोघं ब्लँकेट घेऊन बसलो होतो आणि खाली आमच्या पोरांची पार धूळधाण उडत होती. हाफटाइमला अठ्ठावीस-शून्य. इथला नियम असा, की दुसऱ्या हाफमध्ये पस्तीस गुणांचा फरक पडला की एरवी घडीघडी थांबणारं घड्याळ सहसा थांबवत नाहीत, मॅच लवकर आटपतात; फरक तिसाच्या खाली आला की पुन्हा पहिल्यासारखं. हरणाऱ्यांवर दया. मग मी काय करावं? समोरच्यांचा अजून एक टचडाऊन, म्हणजे आणखी सात गुण, होऊ दे म्हणून गणपतीला नारळ बोलले. नवरा म्हणाला, वेड लागलंय तुला. लागू दे म्हटलं, पोरगं धड घरी येऊ दे.

त्यांनी टचडाऊन केला, घड्याळ पळू लागलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण शेवटच्या क्वार्टरमध्ये बॉल आला नेमका माझ्याच पोराच्या हातात. तो सुसाट सुटला. सगळे उठून ओरडताहेत, नवरा बाकावर चढलाय आणि मी सख्खी आई म्हणतेय, देवा, पाड रे याला. नाही पडला. टचडाऊन झाला, फरक तिसाच्या आत आला आणि ते मेलं घड्याळ पुन्हा थांबत थांबत चालायला लागलं. त्या लांबलेल्या खेळातच दोघं जण एकदम त्याच्यावर आदळले. तो उठलाच नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये त्याने डोळे उघडले. "आई, डिड वी स्कोअर?"

"हो रे राजा. तूच केलास."

काय चेहरा खुलला त्याचा! थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तोच आनंद. हॉस्पिटल येईपर्यंत हेच चाललं होतं. मी रडत रडत सांगत राहिले.

आता तो हिंडतोफिरतो, पण उजेड सोसत नाही, कॉलेज सुटलं. ती धाव त्याला अजून आठवत नाही. आठवते मला, जिने ती होऊ नये म्हणून हात जोडले होते.