आग्याच्या घराण्यातलं दहावं झाड

कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. बाकीच्यांनी संग्रहासाठी जास्वंद, तुळस असली परसातली घराणी निवडली आणि मी, अंगात मस्ती भारी म्हणून, आग्याचं घराणं घेतलं. आग्या म्हणजे नुसता हात लागला की आग आग करणारं झाड. वडील म्हणाले, "आता खाजकुयली गोळा करणार का?" मी त्यांनाच शिकवायला गेले की खाजकुयली वालाच्या गोतातली, तिचा आग्याशी काडीचा संबंध नाही. शिवाय आग्याच्या घराण्यात सगळेच डसणारे नसतात. बरेचसे बिचारे गर्द सावलीत, ओल्या दगडांवर पडून असतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. वडील हसले नाहीत. त्यांनी खेडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. यंदा परीक्षेला बसलीस तर पुढचं पाहू, नाहीतर मार्गशीर्षात उरकून टाकू, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं.

परीक्षेला बसायचं तर दहा झाडं ओळखून, वाळवून, कागदावर टाचून त्यावर सरांची सही घ्यायची. भाद्रपद संपत आला तेव्हा माझी नऊ झाली होती. पानं समोरासमोर की एकाआड एक, नरफुलं आणि मादीफुलं एकत्र की वेगळी, हे भिंगातून बघून बघून डोळे चुरचुरायचे. ती फुलं एवढीशी, की त्यांच्यापुढे राजगिऱ्याचे दाणे मोठे. रात्री झोपेतही मी पानं मोजायची.

दहावं सापडलं दीड तासाच्या चालीवर, एका गावच्या राईत. देवळामागच्या झऱ्यावर, ओल्या जांभ्या दगडाला ते दाटीनं चिकटलेलं होतं. पान मधल्या शिरेच्या एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद, शिकाऊ शिंप्यानं कापल्यासारखं. पानांच्या बगलेत हिरवट फुलांचे गेंद. मला तर नाचावंसं वाटलं. पण राई देवाची, तिथली वाळकी काडीसुद्धा कोणी घरी नेत नाही. देवळातले म्हातारे गुरवबुवा म्हणाले, "कौल लावूया, बाय. देव देल तर ने."

त्यांनी देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौलावर माझा विश्वास नव्हता, तरी मी श्वास रोखून उभी होते. डावी पडली.

"कंच्या अंगाची पडली गो? मना आताशा दिसत नाय."

"उजवी," मी म्हणाले.

एकच डहाळी तोडली आणि पळत सुटावं तशी घरी आले. वर्तमानपत्रांत घालून ती पाट्याखाली दाबली. हवा इतकी दमट की बरणीतलं मीठ पाझरत होतं. रोज कागद बदलले, आईनं ते चुलीच्या उबेला धरून दिले. तरी पाचव्या दिवसापर्यंत पानं सांध्यापासून गळून काळी पडलेली, फुलांचा नुसता चुरा. ते तसंच घेऊन सरांकडे गेले.

"हे काय, शिळी भाजी? रसाळ झाड आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढायचं असतं. एवढंही ठाऊक नाही?"

मला कोणी सांगितलं होतं? आठ दिवस उरले होते. दुसरीकडे कुठे ते झाड मिळेना, मग पुन्हा त्याच राईत गेले.

गुरवबुवा देवळाचं अंगण झाडत होते. दुसरा कौल मागायचा असं ठरवून गेलेली मी, त्यांना बघताच रडायलाच लागले. "बुवा, त्या दिवशी डावी पडली होती."

"ठाव हाय मना." त्यांची केरसुणी थांबली नाही. "तुजा तोंड बगितला नि गप ऱ्हायलो. तुज्या वाटचा माफीचा नारळ मीच देवाला दिला." केर कोपऱ्याला लोटून म्हणाले, "आता पुन्यांदा मना आंधळा करू नको, बाय."

मी झऱ्यावर जाऊन बसले. झाडाला हात न लावता, वरून ठिबकत असताना, पदराखाली कागद धरून पान अन् पान रेखाटलं, भिंगातून बघून फुलं रेखाटली. इतकं चांगलं चित्र मी आयुष्यात काढलं नव्हतं. सरांनी ते उलटंसुलटं पाहिलं. चित्र काढता येतं म्हणजे झाड ओळखता येतं असं नाही, असं म्हणून परत दिलं. सही नाही, म्हणून परीक्षाही नाही. वडील शब्दाचे पक्के, मार्गशीर्षात लग्न झालं.

पुढच्या श्रावणात खेडला, सासरच्या विहिरीवर पाणी काढताना खाली वाकले तर आतल्या चिऱ्यांच्या फटीत तेच वाकडं पान. ओंजळभर होतं. कौल नाही, देव नाही, कोणाची ना नाही. मी तिथेच बसकण मारली.

सकाळच्या चहाच्या आधणात एक डहाळी बुडवून काढली आणि पाट्याखाली दाबली. आठवड्यानं पानं जागच्या जागी, फुलं शाबूत. कागदावर टाचून बाजूला सगळी लक्षणं लिहिली आणि खाली उजवीकडे, सवयीनं, सहीपुरती जागा सोडली.

सासूबाई दारातून डोकावल्या. "काय गं ते?"

"काही नाही," मी म्हणाले, "तण आहे."