काचेमागच्या मॅडम

रायपूरच्या आमच्या नर्सिंग कॉलेजातली सिम्युलेशन लॅब मॅडम चालवतात. पलंगावर रबरी पेशंट, काचेमागे माइक धरून कण्हणाऱ्या मॅडम. आवाज पुतळ्याच्या तोंडून येतो. कौतुक मात्र त्यांना जमत नाही. कोणती विद्यार्थिनी कितीही छान करो, "ठीक आहे. पुढची."

"नातेवाईकाबिगर पेशंट असते का कुठं?" म्हणत त्यांनी मला, ऑफिसातल्या बाबूला, पुतळ्याचा साळा करून टाकलं. परवा म्हणाल्या, "भाऊ, ऑपरेशनच्या आधी त्याले चहा पाजा. पोट्टी अडवते का पाहू."

मला तर चेवच चढला. कप थेट पुतळ्याच्या ओठाला लावला. "दोन घोट घेऊ दे ना दीदी, सकाळपासून उपाशी आहे माणूस."

पलंगाशी नर्स म्हणून उभी होती ती वर्गात कधी तोंड न उघडणारी पोट्टी. तिनं माझं मनगटच धरलं. "नहीं भैया, ऑपरेशन में साँस अटक जाएगी इनकी. चाय आप पी लो, बाहर बैठके."

मला तिथंच टाळ्या वाजवाव्या वाटल्या. मॅडमनी दारातून डोकं काढलं, "ठीक आहे. पुढची," म्हणाल्या आणि आत गेल्या. पण माइक चालूच होता, आणि पलंगावरचा आमचा पेशंट खदखदून हसून राहिला होता.