भावाचा लाडका आकडा

संत्र्याची साल नखानं फाडली की मला पांढुर्ण्याच्या दवाखान्यातला तो वॉर्ड आठवतो. लकवा मारून थोरला भाऊ खाटेवर पडला होता, कोणालाच ओळखत नव्हता, आणि वहिनी उशाशी बसून संत्र्याच्या फोडी त्याच्या ओठांना लावत होती. "डोकं गेलं," असं नातेवाईक कुजबुजू लागले, तेव्हा मी बाह्या सारून जादूगारासारखा उभा राहिलो. भावाचा एक लाडका आकडा होता, १४२८५७. त्याला दोनपासून सहापर्यंत कशानंही गुणा, तेच सहा अंक त्याच क्रमानं गोल फिरून येतात. "भाऊ, दोननं गुण बरं," मी म्हणालो. ओठ हलले, "दोन, आठ, पाच, सात, एक, चार." तीननंही बरोबर आलं. मी टाळ्या पिटल्या, शेजारच्या खाटांवरूनही टाळ्या आल्या. "पाहून राहिले ना? डोकं शाबूत हाये." वहिनी पुढं सरकली. "अजी, मले वळखता का? मी कोण?" त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "पाच, सात, एक, चार, दोन, आठ." चारचा गुणाकार, अगदी अचूक. मागून कोणीतरी पुन्हा टाळी वाजवली. भाऊ त्याच खाटेवर वारला. मैफलीत मी तो आकडा अजून फिरवतो, फक्त तीनवर थांबतो.