मिठातली काडतुसं

मे महिना सरत आला की इब्रामपूरला घरोघरी पुरुमेंत भरायची घाई उडायची. सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, तोरां म्हणजे मिठातल्या कैऱ्या, असं पावसाळाभर पुरणारं सामान. बाबांच्या लेखी त्यात काडतुसंही येत. शेताच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. भात तयार व्हायला लागलं की रानडुकरं उतरत, आणि तोवर काडतुसं दमटपणापासून जपणं म्हणजे पापड जपण्याहून कठीण. कागदी नळी फुगली, आतली दारू ओलावली की खेळ खलास. म्हणून बाबा ती डब्यात घालून चुलीवरच्या माळ्यावर ठेवत. शहाणा माणूस दारू चुलीपासून लांब ठेवतो, पण आमच्या घरात शहाणपण आईच्या वाट्याला आलं होतं, आणि तेही थोडंच.

गोव्याला घटकराज्य मिळालं त्या पावसाळ्यात आमच्याकडे गॅस आला. चूल थंडावली, माळाही थंड. काडतुसं आईच्या हातात देत बाबा म्हणाले, "हेंय पुरुमेंतच गो, बरें सांबाळून दवर." आईने शब्द झेलला. पुरुमेंत टिकतं कशात? मिठात. तिने काडतुसं मिठाच्या बरणीत तळाशी पुरली.

खंडेनवमीला बंदुकीची पूजा मांडताना बाबांनी काडतुसं मागितली. आईने बरणीत कोपरापर्यंत हात घालून एकेक बाहेर काढलं. पावसात मीठ पाझरलं होतं. पितळेवर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसत होतं.

"हीं काडतुसां काय तोरां?" बाबा गरजले.

"तुमीच सांगल्लें पुरुमेंत म्हणून."

बाबांनी ती पुसून अंगणात सुपात वाळत घातली. नवी मिळेपर्यंत हीच, दुसरा इलाज नव्हता.

त्याच आठवड्यात मी कॉलेजातून येताना बस चुकली आणि उशीर झाला. सांज होत आली होती, म्हणून वाट सोडून आमच्या शेतातून घुसले. बांधापाशी चप्पल चिखलात रुतली. ती उपटायला मी वाकले, भातात खसफस झाली, आणि पलीकडून एक कोरडा आवाज आला, कडी लागावी तसा.

"कोण आसा?" मी म्हणाले. "चपली रुतली हांगा."

पलीकडे बाबा उभे होते. बंदूक माझ्याकडेच होती. त्यांनी ती खाली केली, मोडून आतलं काडतूस काढलं आणि ते हातात घेऊन बांधावर बसले. मी जवळ गेले तर ते त्याच्या बुडावर चापाचा ठोका बसलेली खूण अंगठ्याने चाचपत होते. म्हणाले, "घरा सांगूं नाका."

घरी आईने विचारलं, "फुटलें काय एक तरी?"

"फुटूंक ना."

"म्हज्याच मिठान नास केलो."

"बरें जालें," बाबा म्हणाले.

आईला तो टोमणा वाटला. ती आत जाऊन रडली. पुढे कित्येक वर्षं काडतुसांचा विषय निघाला की ती मान खाली घालून आपली चूक सांगायची, बाबा "बरें जालें" म्हणायचे, आणि आई दोन दिवस त्यांच्याशी बोलायची नाही. मी मात्र तिच्या त्या बरणीला मनातल्या मनात हात जोडायची. देवापेक्षा माझा जीव तिनेच राखला, असं मी आजही मानते.

बाबा गेल्यावर, तेराव्याचे पाहुणे पांगले तेव्हा मी आईला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं.

"मगे इतलीं वर्सां तांणी म्हाका सांगूंक कित्याक ना?"

"तोंडांतल्यान भायर सरना आसलें गो तांच्या."

 आई सरकून माझ्याजवळ आली. तिचा हात माझ्या पाठीवरून फिरला, मग खांद्यावरून, मग बरगड्यांवरून, सावकाश. कुठे लागलं असतं ते ती शोधत होती.