न घातलेली कडी

कृष्णात डोअरकीपरनं कडी काढली की पिक्चर संपलं, हे त्या थिएटरला येणाऱ्या कुणालाही विचारा. बत्तीस वर्षं गडी उचगावहून सायकलनं यायचा, हातात बॅटरी घेऊन दाराशी उभा राहायचा आणि पिक्चर संपता संपता अचूक दार उघडायचा. घड्याळ कधी बघितलं नाही. खलनायक चिखलात लोळला, मायलेकरांची गळाभेट झाली, की याचा हात आपोआप कडीवर. या एका गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता, आणि का नसावा?

पण यंदा थिएटरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि युरोपातल्या पिक्चरांनी त्याची पार फजिती केली. पहिल्याच दिवशी पडद्यावर नवरा-बायको एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. झालं, संपलं, असं समजून कृष्णातनं दार सताड उघडलं. बाहेरचं ऊन थेट पडद्यावर, आणि पिक्चर अजून पाऊण तास शिल्लक! दुसऱ्या दिवशी एक बाई खिडकीत बसून सफरचंद खात होती. सफरचंद संपलं, पिक्चरही संपलं. कृष्णात आपला पुढं काय होतंय बघत उभाच. दोनशे माणसं दाराशी खोळंबली.

"ओ पावणं, दार उघडतासा का हितंच जेवायला घालतासा?" कुणीतरी ओरडलं.

घरी बायकोनं, चिमणाबाईनं, हसून हसून डोळे पुसले. "लोकं गाडी चालवायला चुकत्यात. तुमी दार उघडायला चुकलासा व्हय!"

थिएटरच्या मॅनेजर तेजस्वी मॅडम मात्र हसल्या नाहीत. "मामा, ही चिठ्ठी घ्या. उद्याचं पिक्चर किती वाजता संपतं ते लिहिलंय. शेवटचा खेळ आहे, पोलंडहून दिग्दर्शिका स्वतः आल्यात. उद्या चुकलात तर मला दाराशी दुसरा माणूस ठेवावा लागेल."

"चिठ्ठी बघून कुणीबी दार उघडंल की, मॅडम," कृष्णात म्हणाला. चिठ्ठी मात्र मुकाट्यानं खिशात घातली. बत्तीस वर्षांत एवढं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं.

शेवटच्या पिक्चरमध्ये एक हट्टी म्हातारा होता. सुरुवातीलाच पोरीशी कडाक्याचं भांडण. तिची कपड्यांची पेटी त्यानं अंगणात फेकली, ती निघून गेली. मग म्हातारा रोज बटाटे सोलायचा, एकटाच जेवायचा आणि निजताना दाराला खाडकन कडी घालायचा. भाषा कळत नव्हती, खालच्या इंग्रजी ओळी वाचता येत नव्हत्या. पण कडीचा आवाज कृष्णातच्या काळजात वाजत होता.

त्याला आपले वडील, अप्पा, आठवले. लहानपणी त्याला सिनेमाचं भलतंच वेड. "परत सिनेमाला गेलास तर घरात पाय ठेवू देणार न्हाय!" म्हणून अप्पा गाव डोक्यावर घ्यायचे. हा तरी जायचाच. आणि परत येऊन भीत भीत दार ढकललं, की ते नुसतं लोटलेलं असायचं. अप्पा भिंतीकडं तोंड करून खोटं खोटं घोरत असायचे.

पडद्यावर म्हातारा पुन्हा दाराशी आला. कडीवर हात ठेवला. थांबला. मग हात खाली घेतला, दिवा मालवला आणि आत जाऊन निजला. पोरगी काही आली नव्हती. गळाभेट नाही, काही नाही.

पडद्यावर काळोख झाला आणि थिएटरचं दार उघडलं, दोन्ही एकदमच.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेजस्वी मॅडम धावत आल्या. "मामा, अगदी बरोबर! बघितलीत ना चिठ्ठी?"

कृष्णातनं खिशातून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात ठेवली. घडी तशीच होती.

"म्हाताऱ्यानं कडी घातली न्हाय नव्हं? आमचं अप्पा बी घालायचं न्हाईत," तो डोळे पुसत म्हणाला. "मग आता आनि काय दाखवायचं ऱ्हायलंय?"

आणि बाहेर पडणाऱ्यांच्या पायांपुढं बॅटरी धरून तो ओरडला, "सावकाश, पावणं, पायरी हाय!"