पाठ लागली तरी सोडायचं

आमच्या रग्बी क्लबाला पहिली चार वर्षं एकही सामना जिंकता आला नाही, आणि त्यातलं निम्मं पाप माझं आहे. हे आता मी मोकळेपणानं सांगतो. तेव्हा कुणी विषय काढला की अंगावर धावून जायचो.

कुंडलच्या अलीकडं आमचं गाव. चहूकडं ऊस, घरटी एक माणूस फौजेत आणि गावाला एक तालीम. फौजेतून रिटायर होऊन आलेल्या सुभेदारांनी एका संध्याकाळी ट्रंकेतून तो अंड्यासारखा चेंडू काढला, तेव्हा आम्ही तालमीतली पोरं पोट धरून हसलो. हा खेळ ते पलटणीत खेळलेले. चेंडू घेऊन पळायचं, समोरच्या रेषेपलीकडं जमिनीला टेकवायचा, पण साथीदाराला द्यायचा तो मागंच.

"आवं, पुढं जायाचं आन् चेंडू मागं द्यायाचा? ह्यो कसला खेळ?" मीच विचारलं.

"मागच्यावर इस्वास असला की जमतंय," सुभेदार म्हणाले.

संघाला लागतात तेवढे सातजण कसेबसे जमले. सहा तालमीतले आणि सातवा आमचा पोस्टमन. बुद्धविहाराच्या गल्लीत राहणारा हा गडी कुस्तीच्या वाटेला कधी गेला नव्हता, पण पळायला लागला की त्याची सावली मागं राहायची.

मैदान दिलं वस्तादांनी. वस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी सहाव्या वर्षापासून कुस्ती शिकलो तो माणूस. ओढ्याकाठचं त्यांचं रान ऊस तुटल्यावर मोकळं पडलं होतं. सुभेदार त्यांचे लहानपणचे दोस्त, म्हणून शब्द मोडवला नाही. पण खेळाकडं ते ढुंकून बघायचे नाहीत, आणि मी तालीम सोडून तिथं जातो म्हणून तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नव्हते. ते मला फार लागलं होतं.

आता माझं पाप. पळणाऱ्याला अडवून पाडायला आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. वाकून पाय धरले की माणूस खाली. तालमीत त्यालाच पट काढणं म्हणतात. घोडं अडायचं ते पुढं. रग्बीत पाडलेल्या माणसाला तिथल्या तिथं सोडावं लागतं. आणि आमच्या हाडात मुरलेलं काय, तर समोरच्याची पाठ मातीला लागेपर्यंत सोडायचं नाही, आणि लागल्यावरही पंच सांगेपर्यंत उठायचं नाही. वाईच्या पहिल्याच सामन्यात मी एका दांडग्या गड्याला उताणा पाडला, छातीवर बसलो आणि ऐटीत पंचांकडं बघत राहिलो. तोवर त्याच्या साथीदारांनी चेंडू नेऊन रेषेपलीकडं टेकवलासुद्धा. कहर म्हणजे आमच्या गावचे एक आजोबा चालू सामन्यात मैदानात आले आणि कुस्ती मारली असं समजून माझ्या डोक्याला फेटा बांधायला लागले. पंचांनी आम्हा दोघांनाही बाहेर काढलं.

चार वर्षं हेच. सुभेदार रोज संध्याकाळी पार तालमीत वस्तादांना ऐकू जाईल इतका घसा कोरडा करायचे, "सोड रं बाबा, सोड." जित्याची खोड, ती कुठली जायला. पोस्टमन एकदा वैतागून म्हणाला, "तू खाली पाडतूस त्येला, आन् बसतूस आमच्या उरावर."

पाचव्या वर्षी वस्तादांनी सुभेदारांना निरोप धाडला. औंदा सांगलीच्या सामन्यातही हरलात, तर आखाड महिन्यात त्या रानात ऊस लावणार. बेणं सांगून ठेवलंय. दुसरं रान कुठनं आणायचं? शाळेचं पटांगण दगडाचं, बाकी सगळ्या गावात ऊस. क्लब बुडणार, आणि तो माझ्यामुळं बुडणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

सांगलीला आम्ही टेंपोतून गेलो. वस्तादही आले, ड्रायव्हरशेजारी पांढरा फेटा बांधून. "हरताना बघायला आलूय," असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

समोर साताऱ्याचा संघ होता. शेवटच्या मिनिटाला ते सात, आम्ही पाच. तेवढ्यात त्यांचा धिप्पाड गडी चेंडू घेऊन आमच्या रेषेकडं सुटला. मध्ये मी एकटा. तिरका पळालो आणि पट काढला. तो पडला, आणि माझे हात सवयीनं त्याच्याभोवती आवळले.

"सोड. आरं सोड त्येला, ऊठ."

आवाज सुभेदारांचा नव्हता. "दाब, सोडू नगं" असं मला वीस वर्षं सांगणारा तो आवाज होता. वस्ताद रेषेला येऊन उभे होते, फेटा सुटून गळ्यात आलेला. त्या आवाजाची आज्ञा मोडायची मला सवयच नव्हती. हात आपोआप सुटले. मी उठलो, त्या गड्याच्या बाजूला पडलेला चेंडू ओढला आणि न बघताच मागं दिला. मागं पोस्टमन असणार हे मला ठाऊक होतं.

तो अख्खं मैदान पळाला. मध्येच वेळ संपल्याचा भोंगा वाजला, पण चेंडू चालू असेपर्यंत खेळ थांबत नाही. शेवटी शेवटी त्याच्यामागं कुणी धावतही नव्हतं. त्यानं चेंडू टेकवला, त्याचे पाच गुण. दहा-सात. सुभेदार मातीत बसले आणि लहान पोरासारखे हसत राहिले. आम्ही पोस्टमनला खांद्यावर घेऊन सगळ्या मैदानाला फेरी मारली. आयुष्यात मी एवढा खूश कधी झालो नव्हतो.

आता त्या क्लबात मुलींचाही संघ आहे, आणि दोन चषक तालमीतल्या कोनाड्यात ठेवलेत. पण मला आठवतो तो टेंपोतला परतीचा प्रवास. येताना वस्ताद मागं, आमच्यात बसले होते. पलूस आल्यावर त्यांनी सुभेदारांचा फोन मागून घेतला आणि बेणंवाल्याला लावला.

"बेणं नगं," ते म्हणाले. "रान मोकळं न्हाई. त्यात पोरं हायती."

फोन परत देऊन ते माझ्याकडं वळले. कितीतरी वर्षांनी नीट तोंडाकडं बघून बोलले.

"पट चांगला काढलास. पर उठायला उशीर केलास. उद्यापास्नं मी बघतू."