स्मरणिकेतला माझा लेख

"किती सुंदर लिहिला होतास गं तो लेख," असं कोणी अजूनही म्हणालं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

इकडे परदेशात, माउंट वेलिंग्टनच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक चिनी मुलगी बसायची. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम दोघी मिळून करायचो, डबाही एकत्र खायचो. एका दुपारी तिने डबा उघडलाच नाही. खोदून खोदून विचारलं, तेव्हा बोलली. तिच्या शहराच्या सर्वेसर्वा पुढाऱ्याला राजधानीतल्या नव्या लोकांनी पदावरून उडवलं होतं. जमिनींचा घोटाळा, असं पेपरात आलं. खरं भांडण खुर्चीचं, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक. आता त्याची माणसं वेचून काढणं चाललं होतं. तिचे वडील जमीन खात्यात साधे अधिकारी, वरून आलेल्या फायलींवर सह्या करणारे. त्यांनाही चौकशीला नेलं होतं. कुठे, ते कोणी सांगत नव्हतं. आईला एवढंच बजावलं होतं, की तुम्ही गप्प राहिलात आणि परदेशातली मुलगी गप्प राहिली, तर माणूस घरी येईल.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

"गळ्याशपथ," असं मी मराठीतच म्हटलं आणि तिला अर्थ सांगितला.

आणि दोन आठवड्यांत इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी सगळं लिहून दिलं. हो, मीच. लिहायची खाज, दुसरं काय! तिचं नाव घातलं नव्हतं, म्हणून मन खात नव्हतं. पण शहर होतं, खातं होतं, भर पावसात लेकीला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवणारा बाप होता, आणि 'शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण' होती. मराठीत छापलेलं कोण चिनी माणूस वाचायला येणार? इथे आमची मुलंच वाचत नाहीत.

मुलं वाचत नाहीत, म्हणूनच सेक्रेटरींनी अख्ख्या स्मरणिकेचं इंग्रजी करून ते मंडळाच्या नव्या वेबसाइटवर चढवलं. मला विचारलंसुद्धा नाही. वर माझा फोटो, खाली माझ्या ऑफिसचं नाव.

महिन्याभराने ती माझ्या टेबलाशी आली आणि एक कागद ठेवला. अक्षरं चिनी, मला काही कळेना. फोटो मात्र माझाच होता.

"काल आईकडे माणसं आली होती. तुझ्या लेखाचं हे भाषांतर तिच्यापुढे टाकून गेली."

"अगं, मी तुझं नाव नव्हतं घेतलं."

"नाव त्यांच्याकडे आहे. हे आधी काढ."

मी तिथूनच सेक्रेटरींना फोन लावला. "काका, माझा लेख आत्ताच्या आत्ता काढा. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"असं कसं? कार्यकारिणीचा ठराव लागतो. आणि तुला अध्यक्षांनीच पढवलंय ना? निवडणूक तोंडावर आलीय, माझी वेबसाइट त्यांच्या डोळ्यात खुपतेय. सगळं कळतं मला."

मग अध्यक्षांना फोन केला. त्यांना तर उकळ्याच फुटल्या. "लेखी तक्रार दे. या वेळी त्याला घालवतोच!"

मेल्यांनो, तो माणूस कोण, कुठे आहे, एवढं तरी विचारा! दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. मी तक्रार लिहिली. एका बैठकीत कोरम झाला नाही, दुसरीत सेक्रेटरी उठून निघून गेले. निवडणुकीत ते पडले, आणि लगेच नव्या सेक्रेटरीने लेख काढला. तोवर दोन महिने गेले होते आणि तिने टेबल बदलून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्ससुद्धा न ठेवता तिच्याकडे धावले. "काढला गं, एकदाचा काढला!"

तिने स्क्रीनवरची नजर हलवली नाही. वडिलांना शिक्षा झाली, म्हणाली. तिकडच्या सगळ्या पेपरांत त्यांचं नाव आलंय, चोर म्हणून.

"माझे बाबा चांगले आहेत, हे सगळ्या जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं," ती म्हणाली. "तेही तू काढून आलीस."